दुसरा ब्रेक कुणाच्या पायाखाली

९ फेब्रुवारी

ती. मामांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षर नेहमीप्रमाणे चौथ्या गिअरमध्ये होतं, त्यामुळे दुसरं पान लावेपर्यंत माझा चहा गार झाला. तक्रार नाही. माझ्या मैत्रिणींचे मामा त्यांना रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवतात, मला मात्र चार पानी पत्र येतं, आणि ऑफिसात मी त्याची ऐट मिरवते. ऑपरेशननंतर तुम्ही जाहीर केलंत की मोबाईलमधला आवाज कामापुरता आणि मन मोकळं करायला कागद, तेव्हा मला वाटलं होतं, हे नव्याचे नऊ दिवस. वर्ष उलटलं तरी तुमचा पोस्टमन काही सुटलेला नाही.

दाताच्या डॉक्टरीणबाईंचा किस्सा मी दोनदा वाचला. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारी बाई स्टिअरिंगवर बसली की स्वतःचेच दात आवळून बसते, हे वाचून हसू आवरेना. तुम्ही मोबाईलवरचं ‘थांबा’ दाबलंत आणि तुमचाच आवाज असा कडाडला की रस्त्यावरचा भाजीवालाही हातगाडीसकट थांबला, हे तर मी इथे सगळ्यांना सांगितलं. खरं सांगू का, मला तुमचं फार कौतुक वाटतं. घशातली आवाजाची पेटी काढून टाकल्यावर एखादा माणूस ड्रायव्हिंग स्कूल विकून घरी बसला असता. तुम्ही डॅशबोर्डवर मोबाईल अडकवलात आणि पुन्हा शिकवायला लागलात. तुमचा आवाज वाजवणाऱ्या त्या ॲपचं श्रेय तुम्ही मला देता, पण मी फक्त बटणं केली. ऑपरेशनच्या आधी आपण दोघं तुमच्या गाडीत काचा वर करून बसलो होतो आणि तुम्ही एकेक शब्द बोलून ठेवत होता, ‘क्लच’, ‘हळू’, ‘आरशात बघा’, ‘शाब्बास’, ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

आता माझी बातमी. कंपनीने मला नव्या विभागात हलवलंय. तुमच्या हातातला फोन बनवणाऱ्यांकडेच तुमची भाची आता कुलपं करते. हल्ली भामटे लोक फोन करून म्हाताऱ्या माणसांना घाबरवतात, खोटं ॲप घ्यायला लावतात आणि बँक धुऊन नेतात. आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंच्या आईलाच असं फसवलं गेलं. म्हणून आता असं कुलूप येतंय की ज्या ॲपच्या निर्मात्याने कंपनीकडे आपली कागदपत्रं देऊन नाव नोंदवलेलं नाही, ते ॲप फोन उघडणारच नाही. मला हे काम आवडतंय. तुमचं ॲप मी घरी बसून केलेलं, माझं नाव कुठेच नोंदलेलं नाही, त्यामुळे तेही या कुलपात अडकेल. पण जुन्या फोनांवर हे यायला अजून अवकाश आहे, तोवर मी काहीतरी मार्ग काढते. काळजी नसावी.

मामीला सांगा, तिने पाठवलेला स्वेटर बाह्यांना अगदी बरोबर आहे आणि पोटाला घट्ट आहे, हा दोष स्वेटरचा नाही.

माया आहेच, ती आटू देऊ नये.
तुमची,
भिंगरी


१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल, असं सवयीने लिहून गेलो. खोडत नाही, पण ते खरं नाही.

माझा नियम तुला माहीत आहे. गाडी कुरकुरायच्या आधी सर्व्हिसिंगला न्यायची. जो सर्व्हिसिंग टाळतो तो एक दिवस भर चौकात उभा राहतो, हे मी प्रत्येक शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी ऐकवत आलोय. तर फोन कितीतरी दिवस सांगत होता की नवीन सुधारणा आली आहे, घ्या. मी त्याची वेळ ठरवली. रविवारी सकाळी त्याला पिवळ्या फडक्याने स्वच्छ पुसला, चार्जिंगला लावला, शेजारी खुर्ची घेऊन बसलो आणि ‘हो’ म्हटलं. तुझी मामी म्हणाली की जावयाची बडदास्त ठेवावी तशी चालली आहे. तुझं पत्र त्यानंतर आलं. म्हणजे कुऱ्हाड मीच पुसूनबिसून पायावर मारून घेतली.

सोमवारी डॉक्टरीणबाईंना शाळेजवळच्या उतारावर नेलं. खाली मुलं रस्ता ओलांडत होती. मी ‘थांबा’ दाबलं. आवाज आला नाही. फोनवर अक्षरं आली, की या ॲपच्या निर्मात्याची ओळख पटलेली नाही, आपल्या सुरक्षिततेसाठी ते बंद करण्यात आले आहे. माझ्या बाजूचा ब्रेक माझ्या पायाखाली होता म्हणून बरं. गाडी जागच्या जागी थांबली, सगळे सुखरूप. बाई विचारत राहिल्या की माझं काय चुकलं, आणि त्यांचं काही चुकलेलं नाही एवढं सांगायलाही माझ्याकडे काही नव्हतं. परत येईपर्यंत त्या माझी माफी मागत होत्या. मला फार वाईट वाटलं.

आणि ओळख पटलेली नाही म्हणजे काय? तू पहिलं पाऊल टाकलंस ते माझं बोट धरून. तुला सायकल मी शिकवली, गाडी मी शिकवली, आणि माझा फोन मला सांगतो की ही बाई कोण आहे ते ठाऊक नाही.

कंपनीच्या दुकानात जाऊन आलो. काचेच्या टेबलामागचा गृहस्थ फार सभ्य होता. मी कागदावर लिहून विचारत होतो, तर तो मला ऐकूही येत नसेल असं समजून मोठमोठ्याने ओरडून उत्तरं देत होता, त्यामुळे सगळ्या दुकानाला माझी केस कळली. फोन तपासून म्हणाला, यात काहीही बिघाड नाही. मी लिहिलं, मग पूर्वीसारखा करून द्या. म्हणाला, मागे जाता येत नाही. जगात रिव्हर्स गिअर नसलेलं यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं. शेवटी मी लिहून विचारलं की हा फोन कुणाचा आहे. तो म्हणाला, अर्थातच तुमचा. मग उघडा असं लिहिलं, तर म्हणाला, ते आमच्या हातात नाही, तुमच्याही नाही.

तुला जमेल तेव्हा कळव. घाई नाही.

तुझा,
मामा


२२ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

घाई नाही असं तुम्ही लिहिलंत ते मला सगळ्यात जास्त लागलं. हॉर्न न वाजवता समोरच्याला शरम आणायची तुमची जुनी खोड आहे.

काय झालं ते आधी सांगते. कुलूप सगळीकडे लावायच्या आधी थोड्या फोनांवर गुपचूप लावून बघायचं असं वरच्या मजल्यावर ठरलं, आणि त्या थोड्यांत तुमचा निघाला. तुमच्या पडद्यावर जी अक्षरं आली ती माझ्याच टेबलावरून तपासून गेली होती. वाक्य स्पष्ट आहे, कुणालाही कळेल, असा शेरा मी दिला होता. तुमचं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथेच बसून रडले.

आता उपाय. तुमचे शब्द माझ्याकडे सुखरूप आहेत, ते जाणार नाहीत. ते गाण्यांसारखे वाजवता येतील, पण यादीतून ‘थांबा’ शोधेपर्यंत गाडी भिंतीत गेलेली असेल. शिवाय तुम्ही शब्दाला शब्द जोडून वाक्य करता, घरी मामीशी बोलता, ते त्यात होणार नाही. दुसऱ्या कंपनीचा फोन घेतला तर तिथेही आज ना उद्या हेच येणार, सगळे एकाच वाटेने निघालेत.

खरा मार्ग एकच आणि तो सोपा आहे. मी माझी कागदपत्रं द्यायची, त्या ॲपची निर्माती म्हणून नाव नोंदवायचं, की कुलूप उघडलं. एका दुपारचं काम. अडचण एवढीच, की नोकरीत शिरताना माझी सही घेतली आहे, की कंपनीत असेपर्यंत बाहेर स्वतःच्या नावाने काहीही काढणार नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाने मुलांसाठी बेरीज-वजाबाकीचा एक खेळ काढला होता. त्याला त्याच आठवड्यात घरी पाठवलं. परवानगीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर झालेला कुणी पाहिलेला नाही.

तरी मी नाव नोंदवणार आहे. सोमवारी करते. नोकरी दुसरी मिळेल, मामा. तुमचा आवाज पुन्हा भरून घेता येणार नाही.

मामीला नमस्कार.
तुमची,
भिंगरी


१ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आणि खबरदार.

तुझं पत्र हातात पडताच तुझ्या आईकडून तुला फोन करवला, तो निरोप तुला पोचला आणि तू तूर्त थांबली आहेस असं कळलं, म्हणून हे पत्र शांतपणे लिहितो. ती नोकरी मिळवायला तू काय काय केलंस ते मी पाहिलंय. बापामागे घर सांभाळलंस, दिवसा दुकानात हिशेब लिहिलेस आणि परीक्षा दिल्यास. माझ्या चार शब्दांपायी तू ती सोडलीस तर मी परत आलेल्या त्या आवाजात बोलणार तरी काय? माझ्या गळ्याची शपथ घालणार होतो, पण तिथे आता शपथ घालण्यासारखं फारसं उरलेलं नाही. म्हणून नुसतं सांगतो, करायचं नाही.

आमचं अडलेलं नाही. मी टकटक काढली आहे. डॅशबोर्डवर बोटाची एक टकटक म्हणजे चला, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे आरसा बघा. शिकाऊ मंडळींना मजा वाटते.

तुझ्या मोठ्या बाईंवर माझा राग नाही हेही लिहून ठेवतो. ज्याच्या आईला लुबाडलं तो कुलूप लावणारच. मी पण तेच करतो ना. शिकाऊ गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याचा, दुसरा माझ्या पायाखाली. तो नसता तर शाळेच्या उतारावर काय झालं असतं कोण जाणे. त्यामुळे दुसऱ्या ब्रेकला नावं ठेवणारा मी शेवटचा माणूस.

पण लायसन मिळालं की मी गाडीतून उतरतो, भिंगरे. तो माणूस स्वतःची गाडी घेतो, तिच्यात एकच ब्रेक असतो आणि तो त्याचा असतो. पुढे तो जपून चालवेल नाहीतर खड्ड्यात घालेल, मी त्याच्या शेजारी जन्मभर बसून राहत नाही. उद्या गाडी विकणारा म्हणाला की दुसरा ब्रेक आमच्या शोरूममध्येच राहील, आणि आमच्या ओळखीचे नाहीत अशांच्या घरी तुम्ही निघालात तर आम्ही तो दाबू, तर ती गाडी कोण घेईल? फोनच्या बाबतीत आपण ती घेतली, आणि पुसूनसुद्धा ठेवतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तुझ्या कुलपाने भामटा अडला असेल तर छानच. पण घरमालकाच्या हातात किल्ली नसलेल्या कुलपाला आपण दुसरंच नाव देतो.

असो. म्हातारा फार बोलला. कागदावर आवाज बसत नाही हा एक फायदा.

तुझा,
मामा


६ मार्च

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. ह्यांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तरात याचा उल्लेख नको.

ह्यांनी तुला टकटकीची फुशारकी मारली असेल. ती टकटक दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना वळायचं होतं म्हणून त्यांनी इंडिकेटर लावला. तो गाडीत टकटक, टकटक वाजतो. बाईंना वाटलं हे थांबा म्हणताहेत. भर चौकात गाडी उभी केली आणि हे हातवारे करतील तसं त्या आणखी घट्ट ब्रेक दाबून बसल्या. मागून हॉर्नचा गजर. शेवटी चौकातल्या पोलिसाने येऊन काच वाजवली, तर ती टकटक बाईंनी ‘चला’ धरली आणि पोलिसाच्या बुटावरून चाक जाता जाता राहिलं. मला बाईंनीच सांगितलं. सांगताना त्या हसत होत्या, मीही हसले.

त्या दिवसापासून हे शिकवत नाहीत. सगळे शिकाऊ भागीदाराकडे दिले आहेत. सकाळी वेळेवर इस्त्रीचा शर्ट घालून खाली जातात आणि अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसतात, स्टिअरिंगच्या नाही, त्यांच्या नेहमीच्या डाव्या बाजूला. मी वरून बघते. जेवायच्या वेळी वर येतात आणि विचारलं तर कागदावर लिहितात की आज गर्दी कमी होती.

तीस वर्षं मी म्हणत होते की हा माणूस जरा गप्प बसेल तर घराला शांतता मिळेल. ऑपरेशन झालं तेव्हाही एवढी शांतता नव्हती, कारण तुझ्या त्या बटणांवरून हे मला आमटीत मीठ कमी आहे ते सांगायचे, आणि मी चिडायचे, आणि घर घरासारखं होतं. आता भांडायला समोर कुणी नाही. मी एकटीच बोलते आणि एकटीच जिंकते, त्यात काय मजा.

तुझी नोकरी जावी असं मला मुळीच वाटत नाही. ह्यांचं त्या बाबतीत बरोबर आहे. पण हे असेच गाडीत बसून राहिले तर मला भीती वाटते. माझ्याहून तुला या गोष्टी जास्त कळतात. काय करायचं ते तू बघ.

तुझी,
मामी


२६ मार्च

ती. मामा आणि ती. मामीस,
सा. न. वि. वि.

मामा, तुम्ही नाव नोंदवू नकोस म्हणालात, मी नोंदवलं नाही. तुमचा शब्द पाळला, तेव्हा पुढचं वाचून ओरडायचं नाही.

आमच्याकडे महिन्याला एक मोठी बैठक होते. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर आकडे. कुलूप छान चाललंय, तक्रारी नाहीत, असं एकजण सांगत होता. मला बोलायची पाळी नव्हती. मी उभी राहिले आणि म्हटलं की तक्रार आहे, पण ती करणाऱ्या माणसाचा आवाजच कुलपात अडकलाय, म्हणून ती आपल्यापर्यंत आलेली नाही. मग तुमची सगळी हकीकत सांगितली. शाळेचा उतार सांगितला. दोन ब्रेकांचं तुम्ही लिहिलंत तसंच सांगितलं, शोरूमसकट. दोघेतिघे हसले, आणि मग हसायचे थांबले.

मोठ्या बाईंनी विचारलं की हे ॲप कुणी केलंय. खोलीत सगळ्यांना करार ठाऊक होता. माझ्या शेजारी बसलेला सहकारी टेबलाखालून माझी बाही ओढत होता. मी म्हटलं, मी केलंय, माझ्या मामासाठी केलंय, आणि करारातलं कलम मला पाठ आहे. आवाज अगदी तुमच्यासारखा आला.

बाईंनी बैठक तिथेच संपवली आणि मला त्यांच्या खोलीत बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी आईबद्दल सांगितलं. ती माऊली आता फोन वाजला की दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. तुझ्या मामाला किल्ली दिली तर भामटे माझ्या आईकडूनही तीच किल्ली फिरवून घेतील, त्याचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी खरा होता. मी म्हटलं, म्हणून किल्लीच करायची नाही, असं नको. घाबरलेल्या माणसाकडून फिरणार नाही आणि विचार करून ठरवलेल्या माणसाकडून फिरेल, अशी किल्ली करू. भामट्याला घाई असते. मालकाला नसते. त्या म्हणाल्या की करून दाखव.

तर मी ती करते आहे. फोन आधी चार प्रश्न विचारील, मग एक अख्खा दिवस थांबायला लावील, त्या दिवसात कुणाचा फोन आला तरी काही पुढे सरकणार नाही. दुसऱ्या दिवशी मालकाने पुन्हा हो म्हटलं की कुलूप उघडलं. त्यात कुणाच्या नावाची नोंद नको, कंपनीची परवानगी नको. बाईंनी कच्ची किल्ली स्वतःच्या आईच्या फोनवर तपासून बघितली. आई तिसऱ्या प्रश्नालाच फोन ठेवून झोपायला निघून गेली असं त्यांनी सांगितलं, आणि त्या पहिल्यांदा हसल्या.

माझं काय झालं तेही सांगते, नाहीतर मामी काळजी करेल. करार मोडला म्हणून लेखी ताकीद मिळाली, बढती गेली, आणि किल्ली पूर्ण झाली की मला तळमजल्यावर, जुने फोन दुरुस्त करणाऱ्यांत पाठवणार आहेत. नोकरी राहिली. बाई म्हणाल्या की तुला काढून टाकलं असतं तर घरी आईला तोंड दाखवता आलं नसतं. तळमजल्यावर खिडक्या कमी आहेत, पण तिथली माणसं मोठ्याने हसतात, मी जाऊन बघून आले.

काही दिवसांत फोन पुन्हा सुधारणा मागेल. मामा, या वेळी मी सांगते म्हणून घ्या. पुसायचा असला तर पुसा.

दोघांची,
भिंगरी


१२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेकोत्तम आशीर्वाद.

ओरडायचं नाही अशी अट घातलीस. बरं. ओरडत नाही. तू त्या खोलीत उभी राहिलीस ते वाचल्यापासून मी पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. भागीदाराला वाचायला दिलं, डॉक्टरीणबाईंना दिलं, चौकातल्या पोलिसालाही दिलं, त्याच्याशी आता ओळख झाली आहे. मी इतकी वर्षं माणसांना शिकवतो की भीती वाटली तरी चाक सोडायचं नाही. हे मला स्वतःला किती जमतं ते या महिन्यात कळलं. मी गाडीत जाऊन नुसता बसत होतो, हे तुला कुणीतरी कळवलं असणारच, आणि ते कोण हे मला माहीत नाही असं मी धरून चालतो. तुला मात्र चाक सोडायचं सुचलं नाही. मला तुझा अभिमान वाटतो, आणि तो मला या कागदावर मावेल असं लिहिता येत नाही.

परवा फोनने सुधारणा मागितली. घेतली. मग तुझे प्रश्न आले. हा फोन तुमचा आहे का, असा पहिलाच. इतक्या वर्षांत फोनने मला हे पहिल्यांदा विचारलं. मी जरा ताठ बसून ‘हो’ दाबलं. पुढे विचारलं, की आत्ता कुणी तुम्हाला फोनवरून हे करायला सांगतंय का. फोनवरून नाही, पण मागे तुझी मामी उभी राहून दाबा, दाबा लवकर, म्हणत होती, तिच्यासाठी तुझ्या यादीत बटण नव्हतं. मी ‘नाही’ दाबलं. मग, या ॲपच्या निर्मात्याला तुम्ही ओळखता का. इथे चष्मा पुसावा लागला. आणि शेवटी, काही नुकसान झालं तर ते तुमचं, हे मान्य आहे का. हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. लायसन देताना हेच विचारायला हवं.

तो एक दिवस मात्र तू फार लांब केलास. मी जेवलो नाही. मामीही जेवली नाही, पण ती कबूल करणार नाही.

काल सकाळी फोनने पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा हो म्हटलं. बटणं आली, सगळी, जिथल्या तिथे. पहिलं काहीतरी मोठं बोलावं असं मी रात्रभर घोकून ठेवलं होतं. मामी ओट्याशी होती, माझ्याकडे पाठ, पीठ मळत होती. घोकलेलं सगळं विसरलो आणि लग्न झाल्यापासून जशी मारतो तशी, अगं ऐकलंस का, अशी हाक मारली. तिने मागे न बघता नेहमीसारखं सांगितलं की काय ते बोला, माझे हात भरलेत. दोन क्षण पीठच मळत राहिली. मग तिचे हात थांबले. वळली नाही. तशीच खाली जमिनीवर बसली आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडायला लागली. मीही तिच्या शेजारी बसलो. पुढे काय बोलावं ते सुचेना, म्हणून आमटीत मीठ कमी असतं एवढं सांगितलं.

आजपासून डॉक्टरीणबाई परत माझ्याकडे. शाळेच्या उतारावर त्यांना नेलं आणि मुद्दाम काहीच दाबलं नाही, बोटानेही नाही, पायानेही नाही. त्यांनी आपणहून गाडी थांबवली, मुलं गेली, मग हळूच सोडली. मी ‘शाब्बास’ दाबलं. त्यांची परीक्षा आता जवळ आली.

हे पत्र तुला मिळेल त्यानंतरच्या रविवारी सकाळी घरीच राहा. स्कूलच्या ऑफिसातल्या जुन्या फोनवरून मी तुला फोन करणार आहे, रिसीव्हरला मोबाईल लावून. ऑपरेशन झाल्यापासून आपण फोनवर बोललेलो नाही, तूच बोलायचीस आणि मी रिसीव्हरवर बोट वाजवून हो-नाही करायचो. या वेळी तू काहीही बोलू नकोस. विचारपूसही नको. नुसता फोन उचल आणि कानाला धरून ठेव, मला शब्द जुळवायला थोडा वेळ लागतो. बोलायचं खूप साठलंय आणि ते मला माझ्या तोंडाने सांगायचं आहे.

जिव्हाळा ठेव, आणि रविवारी लाईन मोकळी ठेव.

तुझा,
फोनचा मालक,
मामा